शाळेची घंटा आणि सहाव्या वर्षीची दाढ

साथीच्या रोगांचा इतिहास म्हटलं की आपल्यासमोर ठरावीक गोष्टी येतात. मृत्यूंचे आकडे, सरकारचे हुकूम, लोकांचे हाल आणि शेवटी लस. १८९७ चा पुण्यातला प्लेग असो नाहीतर १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ असो, आपण या चौकटीतच बोलतो. त्या काळात घरात बसलेली लहान मुलं दिवसभर काय करत होती, काय खात होती, केव्हा झोपत होती, हे सहसा कुणी विचारत नाही. आज आपण २०२० च्या लॉकडाउनबद्दल नेमका हाच प्रश्न विचारणार आहोत, आणि तोही एका अगदी छोट्या जागेपुरता: मुलांचे दात.

तुम्ही म्हणाल, दात हा डॉक्टरांचा विषय, इतिहासाचा कसा? तर बघा. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ पासून पुढे बरीच वर्षं तिथे उत्खनन केलं. तीन हजार वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची वस्ती. लहान मूल गेलं की त्याला मातीच्या कुंभात घालून घराच्या जमिनीखाली पुरायची तिथे रीत होती. त्या मुलांचे दात मिळाले, आणि डेक्कन कॉलेजचे सुभाष वाळिंबे आणि अमेरिकेतले जॉन लुकाच यांनी त्यांचा अभ्यास केला. दातावरचं जे कठीण आवरण असतं, एनॅमल, ते एकदाच तयार होतं. हाड मोडलं तर जुळतं, कातडी भरून येते, पण एनॅमल स्वतःहून पुन्हा तयार होत नाही. त्यामुळे ते तयार होत असताना मूल आजारी पडलं किंवा उपाशी राहिलं, तर त्याची खूण दातावर कायमची राहते. ज्यांच्याबद्दल एक ओळही कुठे लिहिलेली नाही, त्यांच्या बालपणातले वाईट दिवस आपल्याला असे दातांवरून कळतात.

इथे एक फरक लक्षात ठेवू. इनामगावच्या दातांवरच्या त्या खुणा दात घडतानाच्या आहेत. लॉकडाउनबद्दल आपण बोलणार आहोत ते किडीबद्दल, म्हणजे दात आल्यानंतरच्या नुकसानीबद्दल. कारणं वेगळी आहेत. पण तत्त्व तेच: एनॅमलला एकदा खड्डा पडला की तो आपोआप बुजत नाही. त्या काळाची नोंद तिथेच राहते.

आता इतिहासात अशी आणखी एखादी वेळ होती का, जेव्हा देशच्या देश थांबले आणि त्याचा परिणाम मुलांच्या दातांवर दिसला? होती. दुसरं महायुद्ध. आणि तिथे जे घडलं ते आपल्या अपेक्षेच्या अगदी उलट आहे.

युद्धात युरोपात अन्नाची टंचाई झाली, दवाखाने लष्कराच्या कामाला लागले, घरं विस्कटली. मुलांचे दात बिघडायला हवे होते. पण ते सुधारले! रायडार सॉग्नेस या मूळच्या नॉर्वेच्या संशोधकाने १९४८ मध्ये युरोपातल्या ११ देशांतले २७ अभ्यास एकत्र केले. त्यांत सुमारे साडेसात लाख मुलांच्या तपासण्या होत्या. चित्र स्पष्ट होतं. युद्ध सुरू झाल्यानंतर काही वर्षांनी मुलांच्या दातांतली कीड कमी झाली होती. जपानमध्येही तेच दिसलं.

कारण काय? साखर. जहाजं बंद, आयात बंद, जी साखर आहे ती रेशनवर. ब्रिटनमध्ये जुलै १९४२ पासून गोळ्या-चॉकलेटांनाही रेशन लागलं. बहुतेक काळ माणशी आठवड्याला साधारण तीन औंस, म्हणजे ८०-८५ ग्रॅम. १९४९ च्या एप्रिलमध्ये हे रेशन उठवून पाहिलं, तर दुकानांतल्या बरण्या इतक्या भराभर रिकाम्या झाल्या की चार महिन्यांत रेशन परत आणावं लागलं. शेवटी फेब्रुवारी १९५३ मध्ये गोळ्या मोकळ्या झाल्या आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये साखर. त्यानंतरच्या वर्षांत मुलांची कीड पुन्हा वाढली.

म्हणजे युद्धाच्या 'बंद'मध्ये साखर गेली आणि दात वाचले. मग २०२० च्या 'बंद'मध्ये काय गेलं आणि काय राहिलं? हा आपला आजचा मुख्य प्रश्न.

साखर राहिली. किराणा दुकानं अत्यावश्यक सेवेत होती. साखर, मैदा, बिस्किटं मिळत होती. जून २०२० मध्ये वर्तमानपत्रांत बातमी आली होती, तुम्हाला आठवत असेल. पार्ले-जी बिस्किटांची मार्च ते मे या तीन महिन्यांतली विक्री आठ दशकांतली सर्वांत जास्त होती. या बिस्किटांचं उत्पादन विलेपार्ल्यात १९३९ मध्ये सुरू झालं, म्हणजे महायुद्धाच्याच वर्षी. २०२० मध्ये पायी गावाकडे निघालेल्या मजुरांच्या हातात, मदत म्हणून वाटलेल्या पिशव्यांत आणि घरोघरच्या डब्यांत तोच पाच रुपयांचा पुडा होता. हे आपण त्या बिस्किटाला नावं ठेवायला सांगत नाही. त्या पुड्याने कित्येकांची भूक भागवली. मुद्दा एवढाच, की १९४२ मध्ये जे दुर्मिळ झालं होतं तेच २०२० मध्ये सर्वांत सहज मिळणारं, सर्वांत स्वस्त आणि सर्वांत टिकाऊ अन्न होतं.

पण साखर तर लॉकडाउनच्या आधीही होती. मग नवीन काय झालं? हे समजून घ्यायला स्वीडनमध्ये जावं लागेल.

लुंड शहराजवळ व्हिपेहोल्म नावाची संस्था होती. बौद्धिक अपंगत्व असलेली माणसं तिथे ठेवलेली असत. १९४५ पासून काही वर्षं त्यांच्यावर साखरेचे प्रयोग झाले. या लोकांना संमती देता येत नव्हती, आणि कुणी विचारलीही नाही. काहींना मुद्दाम दाताला चिकटणाऱ्या टॉफ्या दिवसभर दिल्या गेल्या, आणि त्यांचे दात नासले. आज असा प्रयोग कुणी करू शकणार नाही, करूही नये. १९५४ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांना साखर जेवणाबरोबर दिली, त्यांच्यात कीड फारशी वाढली नाही. ज्यांना चिकट गोड पदार्थ दोन जेवणांच्या मधे पुन्हा पुन्हा दिले, त्यांच्यात ती झपाट्याने वाढली. म्हणजे किती साखर खाल्ली यापेक्षा दिवसातून किती वेळा खाल्ली, आणि ती दाताला किती चिकटून राहिली, हे जास्त महत्त्वाचं.

असं का होतं? १९४० च्या दशकात रॉबर्ट स्टीफन या अमेरिकन संशोधकाने ते मोजून दाखवलं होतं. दातावर जो चिकट थर असतो, त्यातले जंतू साखर मिळाली की काही मिनिटांत आम्ल तयार करतात. आम्लता एका मर्यादेपलीकडे गेली की एनॅमलमधले क्षार विरघळू लागतात. मग लाळ हळूहळू ते आम्ल धुऊन काढते आणि थोडेफार क्षार परतही बसवते. याला साधारण अर्धा तास ते तासभर लागतो. म्हणजे तोंडाला प्रत्येक खाण्यानंतर सुट्टी लागते. मूल दर अर्ध्या तासाने काहीतरी तोंडात टाकत असेल, तर ही सुट्टी मिळतच नाही.

आता शाळेकडे बघू. शाळा म्हणजे दातांच्या दृष्टीने काय असते? मूल सकाळी दात घासून, काहीतरी खाऊन निघतं. मग दोन-अडीच तास वर्ग. मधली सुट्टी, डबा, पाणी. पुन्हा घंटा, पुन्हा वर्ग. तासाला बसून खाल्लं तर बाई ओरडणार! म्हणजे दिवसातले पाच-सहा तास खाण्याचं वेळापत्रक पक्कं बांधलेलं. लाळेला तिचं काम करायला मोकळा वेळ. कोणत्याही शिक्षणतज्ज्ञाने हे दातांसाठी ठरवलेलं नव्हतं. पण शाळेची घंटा हे काम नकळत करत होती.

२०२० च्या मार्चच्या मध्यावर ही घंटा थांबली. पंचवीस मार्चपासून देशभर लॉकडाउन. महाराष्ट्रात 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' हा उपक्रम निघाला, सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' मालिका सुरू झाली, शिक्षकांनी व्हॉट्सअ‍ॅपवरून अभ्यास पाठवला. शिक्षणाचं काहीतरी चालू राहिलं. पण वेळापत्रक राहिलं नाही. मोठ्या इयत्ता आधी सुरू झाल्या. पुण्या-मुंबईतल्या पहिलीच्या मुलांसाठी शाळेची घंटा डिसेंबर २०२१ मध्ये वाजली, आणि जानेवारीत ओमायक्रॉनमुळे पुन्हा थांबली. सहा वर्षांच्या मुलाच्या आयुष्यातले एकवीस महिने म्हणजे किती मोठा काळ, विचार करा.

या काळात घराघरांत काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. शाळेत जायचं नाही म्हणून उठायला उशीर. तास सुरू झाला म्हणून दात न घासताच मोबाइलसमोर बसणं. स्क्रीन चालू आणि बाजूला वाटी. कंटाळा आला की डबे उघडणं. आईवडील घरून काम करतायत, मूल मधे मधे येतंय, तर हातात बिस्किट देऊन त्याला गप्प बसवणं. यात कुणाला दोष द्यायचं कारण नाही. सगळे कसेबसे दिवस काढत होते. रात्री झोप लांबली, आणि झोपण्याआधीचं शेवटचं खाणंही. झोपेत लाळ कमी सुटते. त्यामुळे रात्री उशिरा खाऊन तसंच झोपणं दातांना सर्वांत महाग पडतं. आपल्याकडे याला 'येता-जाता खाणं' म्हणतात. लॉकडाउनमध्ये येणं-जाणंच बंद झालं आणि खाणं तेवढं उरलं.

दुसरी बाजूही सांगायला हवी. काही घरांत उलट घडलं. आईवडिलांना पहिल्यांदाच मुलाजवळ उभं राहून दात घासून घ्यायला वेळ मिळाला. बाहेरचं खाणं थांबलं, शाळेच्या दारातल्या गोळ्या आणि बर्फाचे गोळे थांबले. वेगवेगळ्या देशांत पालकांना विचारून जी सर्वेक्षणं झाली, त्यांत ही दोन्ही उत्तरं येतात. म्हणून 'लॉकडाउनने सगळ्या मुलांचे दात बिघडवले' असं सरसकट विधान आपण करणार नाही. घरात मोकळा वेळ असलेलं मोठं माणूस होतं की नाही, यावर फार काही अवलंबून होतं.

आणि जिथे असं माणूस नव्हतं, तिथे शाळेने आणखी एक गोष्ट नेली होती: खिचडी. शाळेत मिळणारा पोषण आहार हे कित्येक मुलांचं दिवसातलं ठरलेल्या वेळचं, गरम जेवण असतं. १८ मार्च २०२० लाच सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून या प्रश्नाची दखल घेतली, की शाळा बंद झाल्यावर मुलांच्या जेवणाचं काय. पुढे तांदूळ आणि कडधान्यं घरी वाटली गेली. पण कोरडं धान्य म्हणजे ताटातलं जेवण नव्हे. ते शिजवायला वेळ हवा, इंधन हवं, आणि घरात खाणारी तोंडं अनेक. मधल्या वेळची भूक मग चहा-बिस्किटावर भागते.

आता शाळेचं दुसरं काम. शाळा ही मुलांचे दात कुणीतरी बघण्याची जागा आहे. ही कल्पनाही इतिहासातून आलेली आहे. स्ट्रासबुर्गमध्ये अर्न्स्ट येसेन यांनी १९०२ मध्ये शाळकरी मुलांसाठी दातांचा दवाखाना सुरू केला. १९०७ मध्ये केंब्रिजमध्ये तसाच निघाला. बोअर युद्धात ब्रिटिश लष्कराला कळलं होतं की दात खराब म्हणून सैनिक निकामी होतायत; मग सरकारचं लक्ष शाळेकडे गेलं. न्यूझीलंडने १९२१ मध्ये खास शाळांसाठी दंतपरिचारिका तयार करायला सुरुवात केली. सगळ्यांचा तर्क एकच होता: मूल दवाखान्यात येणार नाही, पण शाळेत येतं. तेव्हा तिथेच गाठा.

आपल्याकडे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम याच तर्कावर उभा आहे. त्याची सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरला झाली. फिरत्या पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांत वर्षातून एकदा जाऊन मुलांना तपासायचं. ज्या तीस आजार-विकारांसाठी तपासायचं त्यांत दातांचे विकारही आहेत. २०२० मध्ये शाळा-अंगणवाड्या बंद, आणि आरोग्य कर्मचारी कोविडच्या कामाला. बघणारे डोळेच गेले.

बरं, पालकांनी स्वतः दवाखान्यात न्यावं म्हटलं तर तेही सोपं नव्हतं. दाताच्या ड्रिलमधून तुषार उडतात, त्यातून विषाणू पसरण्याची भीती. मे २०२० मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या सूचना आल्या: प्रतिबंधित क्षेत्रांत दातांचे दवाखाने बंद, रेड झोनमध्ये फक्त तातडीचे उपचार. ऑगस्ट २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही सांगितलं, संसर्ग पुरेसा कमी होईपर्यंत तातडीचे नसलेले उपचार पुढे ढकला. सावधगिरी म्हणून हे योग्यच होतं. पण कीड थांबत नाही. जी दाढ जूनमध्ये सिमेंट भरून वाचली असती, ती पुढच्या वर्षी काढावी लागते.

याचे आकडे काय सांगतात? इंग्लंडमध्ये अशी नोंद नियमित ठेवली जाते, म्हणून तिकडचं उदाहरण घेऊ. तिथे लॉकडाउनआधी निम्म्याहून जास्त मुलं वर्षभरात एकदा तरी सरकारी आरोग्यसेवेच्या दंतवैद्याकडे जात. जून २०२१ ला संपलेल्या वर्षात हे प्रमाण सुमारे ३३ टक्क्यांवर आलं. त्याच सुमारास, रुग्णालयात भूल देऊन मुलांचे किडके दात काढण्याच्या शस्त्रक्रिया निम्म्याहून अधिक घटल्या. आता नुसता हा दुसरा आकडा शंभर वर्षांनी एखाद्याच्या हाती लागला, तर तो काय म्हणेल? 'वा, २०२०-२१ मध्ये इंग्लंडच्या मुलांचे दात सुधारले!' महायुद्धासारखंच. पण इथे कीड घटली नव्हती, शस्त्रक्रियागृहं बंद होती. उपचाराचा आकडा आणि आजाराचा आकडा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इतिहास वाचताना आणि सरकारी अहवाल वाचतानाही हे लक्षात ठेवा.

मग प्रत्यक्ष आजाराचा आकडा? तिथे पाच वर्षांच्या मुलांचे दात तपासून सर्वेक्षण होतं. २०१९ मध्ये २३.४ टक्के मुलांचे दात किडलेले होते, २०२२ मध्ये २३.७ टक्के. म्हणजे सरासरी जवळपास होती तिथेच. पण सरासरीच्या आत पाहिलं तर २०२२ मध्ये सर्वांत गरीब वस्त्यांतल्या मुलांत हे प्रमाण ३५.१ टक्के होतं आणि सर्वांत सुस्थित वस्त्यांत १३.५ टक्के. लॉकडाउनच्या आधीही ही दरी जवळपास एवढीच होती. साथीने ती निर्माण केली नाही. पण ज्याच्या दातात आधीच कीड होती, त्याला तिच्यासकट दोन वर्षं थांबावं लागलं. ते थांबणं गरिबाच्या वाट्याला जास्त आलं, कारण कीडच त्याच्याकडे जास्त होती.

आपल्याकडे परिस्थिती काय होती? भारतीय दंत परिषदेचं राष्ट्रीय सर्वेक्षण २००२-०३ मध्ये झालं. त्यात पाच वर्षांच्या मुलांपैकी ५१.९ टक्के आणि बारा वर्षांच्या मुलांपैकी ५३.८ टक्के मुलांना कीड आढळली. म्हणजे कुठल्याही साथीच्या कितीतरी आधी निम्मी मुलं. ही मुलं लॉकडाउनमध्ये जवळपास दोन वर्षं घंटेविना आणि तपासणीविना राहिली.

यातल्या एका वयोगटाकडे खास लक्ष द्यायला हवं. साधारण सहाव्या वर्षी, दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे, पहिली कायमची दाढ येते. ती कुठल्याही दुधाच्या दाताला पाडून येत नाही, गुपचूप मागून येते. त्यामुळे पुष्कळ पालकांना ती दुधाचीच वाटते. 'पडेल आणि नवीन येईल' म्हणून सोडून दिली जाते. ती पडणार नसते. आयुष्यभर चावायचं काम तिच्यावर असतं. तिच्या माथ्यावर खोल खाचा असतात, आणि उगवल्यानंतरची पहिली दोन-तीन वर्षं तिचं एनॅमल कच्चं असतं. २०२० मध्ये जी मुलं पाच-सहा वर्षांची होती, त्यांच्या तोंडात ही दाढ नेमकी लॉकडाउनमध्ये आली. येता-जाता खाण्याच्या काळात आली आणि कुणी पाहिली नाही.

ही मुलं आता कुठे आहेत? २०२० मध्ये सहा वर्षांचं असलेलं मूल २०२६ मध्ये बारा वर्षांचं होतं. जागतिक आरोग्य संघटना कायमच्या दातांच्या सर्वेक्षणासाठी जगभर जे वय प्रमाण धरते ते बाराच. याच मुलांच्या तोंडात आपल्याला लॉकडाउनचा हिशेब सापडेल, फक्त कुणीतरी तोंड उघडून बघायला हवं. इनामगावच्या मुलांचे दात आपण तीन हजार वर्षांनी पाहिले, तेव्हा त्यांच्यासाठी करण्यासारखं काही उरलं नव्हतं. या मुलांसाठी उरलंय.

काय करता येईल? घरी करण्यासारखी पहिली गोष्ट फुकट आहे: खाण्याच्या वेळा. गोड पूर्ण बंद करायला कुणी सांगत नाही. द्यायचं तर जेवणाबरोबर द्या, दोन खाण्यांच्या मधे मोकळा वेळ ठेवा, आणि रात्री फ्लोराइडच्या पेस्टने दात घासल्यावर पाण्याशिवाय काही नको. दुसरी, मूल सहा वर्षांचं झालं की उजेडात त्याला 'आ' करायला सांगा आणि शेवटची दाढ बघा. काळी खाच दिसली तर दुखण्याची वाट न बघता दाखवून घ्या. दुखायला लागलं म्हणजे कीड खोल गेलेली असते. आता ड्रिल न लावता कीड रोखण्याचे उपायही आहेत. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने चांदी आणि फ्लोराइडचं एक द्रावण अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. ते किडीवर नुसतं लावायचं असतं. तिथला दात काळा पडतो, पण कीड बहुतेक वेळा थांबते.

आणि तिसरी गोष्ट घराबाहेरची. तुमच्या गावातल्या किंवा प्रभागातल्या शाळेत आरोग्य तपासणीचं पथक शेवटचं कधी आलं होतं, आणि दात तपासून पुढे पाठवलेल्या मुलांपैकी किती खरोखर दवाखान्यापर्यंत पोचली, हे शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विचारा. समितीत पालकच बहुसंख्य असतात, त्यामुळे प्रश्न विचारायचा अधिकार तुमचाच आहे. उत्तर मिळालं तर ते इतिवृत्तात लिहून घ्या. मिळालं नाही तर तेही लिहून घ्या.

आज इथेच थांबू. काही प्रश्न असतील तर आता घेऊ.